दार कुणी बंद केलं

आमच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या दारावर काचेच्या आतून एक कागद चिकटवलेला आहे. मजकूर काळ्या शाईत आहे, फक्त एक शब्द, 'तात्पुरता', लाल आणि जाड ठशात. दार दक्षिणेकडे आहे. आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य खालून चालतो आणि अशा काचेवर सरळ पडतो. समोरच्या बर्फावरून उलटून येणारा उजेड वेगळाच. अशा उजेडात लाल रंग सगळ्यात आधी जातो. तो शब्द आधी विटकरी झाला, मग फिका गुलाबी, आणि आता त्या जागी कागद जरा पिवळसर दिसतो, इतकंच. काळी अक्षरं मात्र टिकून आहेत. आज दारासमोर उभं राहिलं तर एवढंच वाचता येतं: तातडीचा विभाग बंद आहे, जवळचे रुग्णालय टेनफील्ड येथे.

मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी गहू, मोहरी, मसूर घेऊन येतात. मी दाणे ओल्या कागदावर मांडते, ठरलेल्या तापमानात ठेवते, किती उगवले ते लिहिते आणि खाली सही करते. असले सावकाश होणारे बदल बघायची मला सवय आहे, आणि कामावर जाताना ते दार वाटेतच लागतं. पण त्या कागदाकडे मी इतकं लक्ष दिलं याचं कारण माझी शेजारीण नेटी वासिलिव.

नेटीने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. तिचा नवरा ऑरेस्ट तालुक्याचा ग्रेडर, म्हणजे लांब पात्याचं रस्त्याचं यंत्र, चालवायचा. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे, हिवाळ्यात बर्फ कडेला सारायचा. पहाटे तो पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा आणि मागून नेटी बस घेऊन निघायची. गावात म्हणायचे, या दोघांचा संसारही असाच चाललाय, तो पुढे आणि ही मागून हॉर्न वाजवत.

रस्ता खराब असला की लोक सरकारला शिव्या देत नसत, ऑरेस्टला देत. भर जेवणात फोन यायचा. "ऑरेस्ट, माझ्या फाटकासमोर बर्फाचा बांध घालून गेलास. आता मी काय त्यावरून उडी मारू?" ऑरेस्ट म्हणायचा, "मीच घातला. येतो." आणि फावडं घेऊन जायचा. 'मीच' हा शब्द तो जितक्या सहज उच्चारायचा तितक्याच सहज दुसऱ्याला विचारायचा, 'कुणी केलं?' त्यात राग नसायचा. माणूस कळला की पुढचं काम सोपं होतं, असं त्याचं म्हणणं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी न्याहारी करताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्या दिवसांत आमचा तातडीचा विभाग कधी उघडा असायचा, कधी बंद. रात्रपाळीला नर्स नाही, तपासणीला माणूस नाही, अशी काही ना काही कारणं असत. पण त्या रविवारी उघडा राहील असं शुक्रवारी रेडिओवर सांगितलं होतं. टेनफील्डहून रुग्णवाहिका यायची वाट बघण्यापेक्षा चार गल्ल्या ओलांडून जाणं नेटीला शहाणपणाचं वाटलं. कुणालाही वाटलं असतं. तिने ऑरेस्टला गाडीत बसवलं, दारासमोर नेलं, उतरून दार ओढलं. मग कागद वाचला.

ऑरेस्टने गाडीची काच खाली केली होती.

"काय लिहिलंय?"

"बंद आहे."

"कुणी बंद केलं?"

"बघते," नेटी म्हणाली. "विचारून सांगते तुला." आणि तिने गाडी टेनफील्डच्या रस्त्याला लावली.

खाऱ्या तळ्याच्या वळणावर त्याची मान कलली. तो रस्ता त्याने आदल्याच दिवशी साफ केला होता. नेटीने हे मला नंतर बऱ्याचदा सांगितलं, दर वेळी त्याच शब्दांत. रस्ता मात्र चांगला होता, म्हणायची.

जानेवारीत आमची जमीन दगडासारखी गोठलेली असते. हिवाळ्यात गेलेल्या माणसांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं. दहनानंतर ऑरेस्टच्या अस्थी एका लाकडी पेटीत घरी आल्या आणि नेटीने ती पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, शिलाई मशीनवर ठेवली. तिथून रस्ता दिसतो. ईस्टरनंतर युक्रेनी चर्चचे फादर बोहदान कबरींना आशीर्वाद द्यायला फिरतात, तेव्हा ऑरेस्टलाही पुरायचं असं ठरलं होतं. पण एप्रिल आला तेव्हा नेटी म्हणाली, "इतक्यात नाही. त्याने मला एक विचारलं होतं. उत्तर घेतल्याशिवाय त्याच्यासमोर कशी उभी राहू?"

"अस्थी घरात ठेवणं चर्चला मान्य नाही, नेटी," फादर म्हणाले.

"चर्चला बऱ्याच गोष्टी मान्य नसतात, फादर. तुम्ही खसखशीचा रोल घ्या."

उत्तर मिळणं तिला अवघड वाटत नव्हतं. दार बंद आहे म्हणजे कुणीतरी ते बंद केलं असणार, आणि त्या कुणाला तरी नाव असणार. तिला भरपाई नको होती, कुणाची नोकरी जायला नको होती. तिने माझ्यासमोर बसून फोन केले. फोनचा आवाज मोठा ठेवायची, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"तो निर्णय प्रादेशिक पातळीवर झालेला आहे, बाई."

"बरं. त्या पातळीवर कोण बसतं?"

"तिथे एक व्यक्ती अशी नसते. ती एक प्रक्रिया असते."

"प्रक्रियेचा फोन नंबर आहे का?"

पलीकडची मुलगी हसली, मग माफी मागितली. नेटीनेही तिची माफी मागितली. आमच्याकडे रीतच ती. दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच आधी माफी मागतो. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "काय गं सिग्ने, तू एवढ्याशा मसुराच्या दाण्यांखाली सही करतेस ना?"

"करते."

"मग?"



एप्रिलअखेरीस डार्सी क्लासेन तिच्या घरी आला. डार्सी आमचा आमदार, तेव्हा विरोधी पक्षात. लहानपणी नेटीच्या बसमधून शाळेत जायचा. त्याचं शेत रस्त्यापासून बरंच आत होतं आणि तो रोज उशीर करायचा. नियमाप्रमाणे फाटकाशी मूल दिसलं नाही तर चालकाने निघून जायचं. पण उणे तिशीच्या थंडीत मागे राहिलेलं पोर पायी निघालं तर काय, म्हणून नेटी थांबायची. बाकीची मुलं कुरकुरायची. मग दुरून एक टोपी पळत यायची.

डार्सीने बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोग्या खाल्ल्या, पुन्हा घेतल्या. शिलाई मशीनपाशी जाऊन पेटीवर हात ठेवला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

"नेटी, तू राजधानीला ये," तो म्हणाला. "प्रेक्षकांच्या गॅलरीत बस. मी सभागृहात उभा राहून थेट आरोग्यमंत्र्यांना विचारतो. तुझ्यासमोर त्यांना टाळता येणार नाही."

"नाव सांगतील?"

"नाव घेऊनच परत येशील."

मी गाडी चालवली. नेटीने भरतकामाचा पांढरा ब्लाउज घातला होता, जो ती नाताळ आणि लग्नांना घालायची, आणि मांडीवर खसखशीच्या रोलचा डबा धरला होता, डार्सीसाठी. डबा दारावरच्या रखवालदाराने ठेवून घेतला. वर गॅलरीत एका गणवेषातल्या माणसाने हळू आवाजात नियम सांगितले: टाळ्या नाहीत, बोलायचं नाही, कठड्यावर हात ठेवायचा नाही.

आधी पाहुण्यांची ओळख करून द्यायची पद्धत आहे. एका शाळेचे विद्यार्थी होते, एक कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, संघ होता. मग डार्सी उभा राहिला. "अध्यक्ष महोदय, गॅलरीत आज श्रीमती नेटी वासिलिव बसलेल्या आहेत." सगळ्या सभागृहाने मान वर करून टाळ्या वाजवल्या, दोन्ही बाजूंनी. नेटीने हात थोडा उचलला आणि लगेच खाली घेतला. तिला वाटलं, आता सगळ्यांना आपण माहीत झालो.

डार्सीने चांगलं भाषण केलं. दार, गाडीची खाली केलेली काच, ऑरेस्टचा प्रश्न. स्वतःचा तो रविवार त्याच्या तोंडून ऐकताना नेटीचे ओठ हलत होते, जणू तो काही विसरला तर आठवण करून द्यायला. खाली कुणी फोनकडे बघत होतं. मागच्या बाकावर दोघं कशावर तरी हसत होते. बहुतेक दुसऱ्याच कशावर.

"माझा साधा प्रश्न आहे," डार्सी म्हणाला. "ते दार कुणी बंद केलं?"

आरोग्यमंत्री उठल्या. "अध्यक्ष महोदय, या कुटुंबाच्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे. एक दार बंद असणं हेही फार झालं. मात्र सन्माननीय सदस्यांच्या पक्षाच्या काळात किती दारं बंद झाली, तेही त्यांनी आज सांगावं."

त्यांच्या बाजूची बाकं दणादण वाजली. डार्सीने पुन्हा विचारलं, जास्त जोरात. आता त्याच्या बाजूची बाकं वाजली. कुणीतरी ओरडलं, "लाज वाटू द्या." कुणीतरी उलट ओरडलं, "तुम्हालाच." नेटी पुढे झुकली आणि तिने कठड्यावर हात ठेवले. गणवेषातला माणूस वाकला. "बाई, हात."

"माफ करा," नेटी म्हणाली आणि हात मांडीवर घेतले.

मंत्री शेवटी म्हणाल्या की कामकाज संपल्यावर त्या या कुटुंबाला स्वतः भेटतील. मग इंधनावरच्या कराचा विषय निघाला. डार्सीने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि शेजाऱ्याशी बोलू लागला.

नेटी माझ्या कानाशी आली. "नाव सांगितलं का गं तिने? मला नीट ऐकू नाही आलं."

"नाही सांगितलं."

"म्हणजे नीटच ऐकू आलं."

खालच्या गोल दालनात आम्ही थांबलो. डार्सी आला. कॅमेऱ्यांसमोर नेटीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, बोलला, आणि त्याला बैठकीला बोलावलं म्हणून गेला. मंत्री आल्या नाहीत. त्यांचा एक तरुण सहायक आला. फार आदबशीर होता. त्याने आपलं कार्ड दिलं. नेटीने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "दार तू बंद केलंस का, बाळा?"

"मी? नाही, नाही."

"मग हे मला कशाला?"

तो म्हणाला, "माफ करा." ती म्हणाली, "असू दे." रोलचा डबा रखवालदाराकडेच विसरला. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. "खाऊ दे त्याला," ती म्हणाली. "त्याने निदान ठेवून तरी घेतला."

त्या वर्षी तिने ऑरेस्टला पुरलं नाही. शरदात निवडणूक होती. डार्सीच्या पक्षाच्या पत्रकावर गॅलरीतला तिचा फोटो छापून आला, खाली झुकलेली, कठड्यावर हात ठेवलेली. पत्रक तिच्या घरीही पडलं. डार्सीची माणसं अंगणात पाटी लावू का विचारायला आली, तेव्हा ती म्हणाली, "लावा की. तो जिंकला तर दार त्याच्याच हातात येईल. मग विचारायला लांब जायला नको."

डार्सी जिंकला. त्याचा पक्ष जिंकला. थोड्या दिवसांनी तो ग्रामीण आरोग्याचा मंत्री झाला. गावाने ट्रकचे हॉर्न वाजवले. नेटीनेही जुन्या सवयीने गाडीत बसून एकदा हॉर्न दाबला.

त्या रविवारपासून बंदच असलेलं आमचं दार उघडलं नाही. नव्या सरकारने परिस्थितीचा आढावा घ्यायचं ठरवलं. मग आढाव्याचा अभ्यास करायला एक गट नेमला. नेटी डार्सीच्या कार्यालयात फोन करायची. "नेटी बोलतेय म्हणावं. बसवाली." तिथली बाई गोड होती. मंत्र्यांच्या कानावर घालते, म्हणायची. पुढच्या मे महिन्यात जमीन मऊ झाली, फादर बोहदान पुन्हा येऊन गेले, आणि नेटी पुन्हा म्हणाली, "इतक्यात नाही. आता तर आपलाच माणूस आहे."

मी तिला एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, नेटी, काही दाणे उगवतच नाहीत. आपण ओल देतो, ऊब देतो, ठरलेले दिवस थांबतो, मग 'उगवला नाही' असं लिहून पुढे जातो. ती बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "तू दाण्यांना 'बघते' म्हणून सांगितलेलं नसतंस."

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात टर्कीचं जेवण असतं. सुगी संपल्यावर सगळा परगणा येतो. टर्की, कुस्करलेले बटाटे, शलगम, कोबीचे रोल, पिरोग्या, लाल भोपळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री. यात आमदारांनी, मंत्र्यांनी एप्रन बांधून वाढायचं, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. लोकांना ते आवडतं. मतं मागणारा माणूस हातात डाव घेऊन उभा असला की तो आपल्यातलाच वाटतो.

आम्ही रांगेत उभ्या होतो. आमच्या पुढे लॉर्न ट्काच होता. उन्हाळ्यात तो दफनभूमी सांभाळतो आणि हिवाळ्यात कर्लिंगचा बर्फ तयार करतो.

"नेटी," तो मागे वळून म्हणाला, "पुढच्या आठवड्यानंतर पारा उतरतोय. एकदा जमीन गोठली की मग मे महिनाच. सांगून ठेवतो."

"कळलं."

"माझं म्हणणं, गडबड नाही. पण हा तिसरा हिवाळा होईल."

"कळलं म्हटलं ना, लॉर्न."

तो पुढे टोकाकडे बघून म्हणाला, "मंत्र्याला ग्रेव्हीवर उभं केलंय बघ. हुशारी. सांडली तरी कुणाची सांडली ते कळत नाही."

डार्सी जरा जाडसर झाला होता. एप्रनवर टर्कीचं चित्र होतं. नेटीला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तेही खोटं नव्हतं.

"नेटी. तू कशी आहेस?"

"डार्सी, दार कुणी बंद केलं?"

तिने आवाज चढवला नाही. तिथे बोलता येण्याजोगी तीच जागा होती आणि ती जागा रांगेत होती. डावातली ग्रेव्ही अधांतरी राहिली.

"नेटी," तो हळू म्हणाला, "तुझ्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे. एक दार बंद असणं हेही फार झालं."

ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. त्याला ते आठवत होतं की नाही, सांगता येत नाही. कदाचित त्या खुर्चीबरोबर ते मिळत असेल.

"ते झालं," नेटी म्हणाली. "पण बंद कुणी केलं?"

"हे एका माणसाचं नसतं गं. मी आत जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. वरून खाली, खालून वर, सगळं गुंतलेलं असतं. तो व्यवस्थेचा निर्णय होता."

"ती व्यवस्था आता तुझीच ना?"

"माझी म्हणजे..." तो थांबला. मागे रांग तुंबली होती. लोक फार सभ्यपणे बटाट्यांकडे बघत होते. माझ्या मागच्या बाईने घसा खाकरला.

"मी तुझ्यासाठी बस थांबवायचे," नेटी म्हणाली.

यावर डार्सी मोठ्याने हसला. सुटका झाल्यासारखा. त्याने मान वर केली आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंत का? ही नेटी. रोज माझ्यासाठी बस थांबवायची. नियम मोडून. हिच्यामुळे मी शाळा शिकलो, नाहीतर आज कुठे असतो कोण जाणे."

"इथेच असतास, ग्रेव्ही खात," कुणीतरी म्हणालं. रांग हसली. मग एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली. टेबलांवर बसलेल्यांनीही वळून वाजवल्या. त्यांचं नेटीवर प्रेमच होतं. गॅलरीत झालं होतं तसंच झालं, फक्त इथे ती सगळ्यांना ओळखत होती.

डार्सी ग्रेव्ही वाढत होता. बटाट्यांवर, टर्कीवर, कोबीच्या रोलवर, पिरोग्यांवर.

"पुरे," नेटी म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नसावं.

"डार्सी, पुरे."

त्याने डाव उचलला. मागची बाई हळूच म्हणाली, "माफ कर हं नेटी, पण मागे मुलं भुकेली आहेत." आणि नेटी म्हणाली, "माफ करा, माफ करा," आणि बाजूला झाली. तिचं हेच मला अजून सलतं. तिने हलायला नको होतं. पण आमच्यापैकी कुणी हललं नसतं असं मला वाटत नाही. माझ्याही हातात ताट होतं, आणि मीही त्याला म्हणाले, "थोडीच वाढ."

आम्ही टेबलाशी बसलो. नेटीने चमच्याने ग्रेव्ही एका कडेला सारली, जशी ऑरेस्ट बर्फ सारायचा. मग तिने खायला सुरुवात केली आणि सगळं संपवलं, कारण टाकायची तिला सवय नाही.

बाहेर अजून उजेड होता. कापलेल्या शेतांवर कलहंस उतरत होते. गाडीत बसल्यावर नेटी म्हणाली, "रुग्णालयावरून घे."

मी दारासमोर गाडी उभी केली. ती उतरली. दार ओढून बघितलं नाही. कागदासमोर उभी राहिली आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचलं. जिथे लाल शब्द होता त्या जागेवर तिने काचेवरूनच बोट फिरवलं. परत आली, पट्टा लावला.

"तिथे काहीतरी लिहिलेलं होतं ना?"

"होतं. तात्पुरता."

"कुणी पुसलं?"

"कुणी नाही. उन्हाने गेलं."

तिने मान हलवली. मी गाडी सुरू केली नाही. काच थोडी धुरकट झाली होती.

"ऑरेस्टला काय सांगणार, ते मी जुळवत होते," ती म्हणाली. "खोटं नाव काही सांगायची नाही. डार्सीचंही नाही. त्याने बंद केलं नाही, त्याने फक्त उघडलं नाही. सांगेन की विचारलं. राजधानीपर्यंत जाऊन विचारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीच 'मी' म्हणालं नाही. त्याला पटणार नाही म्हणा. तो म्हणेल, असं कसं, दार आपोआप कसं बंद होईल."

"हो, असंच म्हणेल."

"म्हणू दे. मी आणखी एक हिवाळा त्याला खिडकीत बसवून रस्ता बघायला लावणार नाही."

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, बसमधल्या मुलांना पुढचं फाटक कुणाचं ते सांगताना असायचा तसा.

"लॉर्नला सांग, शनिवारी खणायचं. फादरना मी सांगते. आणि कुणी विचारलंच, तर नेटी वासिलिवने ठरवलं म्हणून सांग."